सूक्ष्म पीळ-आरशांचे स्थितिक मॉडेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेम्सचा (म्हणजे चिपवर बनवलेल्या सूक्ष्म विद्युत-यांत्रिक उपकरणांचा) अभ्यास करणारे विद्यार्थी, प्रोजेक्टसाठी सूक्ष्म आरसा निवडलेले एम.टेक.चे गट आणि पहिल्यांदाच असे उपकरण हाताळणारे अभियंते यांच्यासाठी ही उत्तरे लिहिली आहेत. आकडे डोळ्यांसमोर असले की समीकरणे समजतात, म्हणून सगळीकडे एकच नमुना-आरसा वापरला आहे. कागद-पेन्सिल किंवा ऑक्टेव्ह, पायथन यांपैकी काहीही जवळ असले तर प्रत्येक आकडा स्वतः काढून पाहा.

पीळ-आरसा म्हणजे काय? तो वापरतात कुठे?

सिलिकॉनची किंवा अ‍ॅल्युमिनियमची एक छोटी सपाट पाटी, तिच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना एकेक बारीक दांडी, आणि दांड्यांची दुसरी टोके पक्की रोवलेली. पाटी कलली की दांड्यांना पीळ बसतो आणि तो पीळ तिला परत आडवी करू पाहतो. पाटीखाली अक्षाच्या एका किंवा दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड असतात. पाटी आणि इलेक्ट्रोड यांच्यात व्होल्टेज दिले की पाटीची ती बाजू खाली ओढली जाते.

कर्ट पीटरसन यांनी आयबीएममध्ये असा सिलिकॉनचा आरसा करून १९८० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. सर्वांत जास्त पसरलेला प्रकार म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा डीएमडी (डिजिटल मायक्रोमिरर डिव्हाइस). लॅरी हॉर्नबेक यांनी तो १९८७ मध्ये शोधला. वर्गातल्या आणि चित्रपटगृहांतल्या असंख्य प्रोजेक्टरांत अशा लाखो आरशांची एक चिप बसवलेली असते आणि तिच्यातला प्रत्येक आरसा एक ठिपका रंगवतो. या कामासाठी हॉर्नबेक यांना २०१५ मध्ये ऑस्करची बाहुली मिळाली. ऑप्टिकल फायबरमधला प्रकाश एका तारेतून दुसरीत वळवणारे स्विचही याच तत्त्वावर बनले. जेम्स वेब दुर्बिणीच्या एका वर्णपटमापकात तर पिळावर फिरणाऱ्या सुमारे अडीच लाख झडपा आहेत. एक चुंबक त्यांच्यावरून फिरून त्या उघडतो आणि हव्या त्या झडपा व्होल्टेज देऊन उघड्या धरल्या जातात.

आरसा तर हलतो. मग स्थितिक मॉडेल कशाला?

फायबरच्या स्विचमध्ये आरसा एका कोनावर नेऊन तिथेच धरून ठेवायचा असतो. तो नेमक्या किती व्होल्टला किती कलतो, कुठपर्यंत आपल्या ताब्यात राहतो आणि कुठे अचानक खाली आपटतो, हे तिन्ही प्रश्न स्थितिक, म्हणजे थांबलेल्या आरशाच्या समतोलाचे, आहेत. डीएमडीचे आरसे सेकंदाला हजारो वेळा पलटतात, पण त्यांनाही टेकलेल्या अवस्थेत धरून ठेवायला किती व्होल्टेज पुरते, हा प्रश्न स्थितिकच. आणि ज्याचा स्थितिक आलेख चुकला, त्याचे गतिक मॉडेल बरोबर येण्याची काही शक्यता नाही.

नमुना-आरसा कोणता?

पॉलिसिलिकॉनची १०० × १०० मायक्रॉनची पाटी, जाडी २ मायक्रॉन. खालचे मोकळे अंतर ३ मायक्रॉन. दोन बिजागऱ्या (म्हणजे वर सांगितलेल्या पिळणाऱ्या दांड्या), प्रत्येकी ५० मायक्रॉन लांब, छेद २ × २ मायक्रॉन. यंग गुणांक १६० गिगापास्कल, कर्तन गुणांक ६६ गिगापास्कल. इलेक्ट्रोड एका बाजूला, अक्षापासून पाटीच्या कडेपर्यंत, म्हणजे ५० मायक्रॉन लांब आणि १०० मायक्रॉन रुंद. कड तळाला टेकते तो कोन ३ ÷ ५० = ०.०६ रेडियन, म्हणजे ३.४४ अंश. पॉलिमम्प्ससारख्या सामायिक निर्मिती-प्रक्रियेत २ आणि १.५ मायक्रॉन जाडीचे थर मिळतात, त्यामुळे ही मापे हवेतली नाहीत.

बिजागरीचा पिळाचा ताठपणा कसा काढायचा?

दोन बिजागऱ्यांचा मिळून ताठपणा = २ × कर्तन गुणांक × पीळ-स्थिरांक ÷ बिजागरीची लांबी. चौरस छेदासाठी पीळ-स्थिरांक बाजूच्या चौथ्या घाताच्या ०.१४०६ पट. नमुन्यासाठी तो २.२५ × १०⁻²⁴ मीटर⁴ आणि ताठपणा ५.९४ × १०⁻⁹ न्यूटन-मीटर प्रति रेडियन.

इथे सर्वांत जास्त दिसणारी गफलत म्हणजे पीळ-स्थिरांकाच्या जागी छेदाचा ध्रुवीय जडत्व-आघूर्ण टाकणे. गोल दांडीला ते चालते, आयताकृती छेदाला नाही. चौरसासाठी उत्तर १९ टक्के जास्त येते. छेद दहास एक असा चपटा असेल तर उत्तर जवळजवळ २७ पट जास्त येते. बहुतेक मेम्स बिजागऱ्या पट्टीसारख्या चपट्या असतात, म्हणून आयताचे सूत्र वापरा: पीळ-स्थिरांक ≈ मोठी बाजू × लहान बाजू³ × [१/३ − ०.२१ × गुणोत्तर × (१ − गुणोत्तर⁴/१२)], जिथे गुणोत्तर = लहान बाजू ÷ मोठी बाजू.

विद्युत टॉर्कचे सूत्र कुठून येते?

पाटी कललेली असल्याने प्रत्येक ठिकाणचे अंतर वेगळे. म्हणून पाटीचे अक्षाला समांतर पातळ पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्टा समांतर पाट्यांचा छोटा कपॅसिटर समजायचा, त्याचे बल काढायचे, अक्षापासूनच्या अंतराने गुणायचे आणि बेरीज करायची. सोयीसाठी

क्ष = कोन × इलेक्ट्रोडची लांबी ÷ अंतर

असे धरू. क्ष शून्य म्हणजे पाटी आडवी, क्ष एक म्हणजे इलेक्ट्रोडच्या बाहेरच्या टोकावर पाटी टेकली. बेरजेचे उत्तर असे येते:

टॉर्क = [ε × रुंदी × व्होल्टेज² ÷ (२ × कोन²)] × फ

फ = क्ष/(१ − क्ष) + लॉग(१ − क्ष)

ε म्हणजे निर्वाताची परमिटिव्हिटी, ८.८५४ × १०⁻¹² फॅरड प्रति मीटर. लॉग नैसर्गिक. कोन लहान आहे असे यात गृहीत आहे, आणि तीन-चार अंशांपर्यंत त्याने काही बिघडत नाही.

प्रोग्रॅम लिहिताना एक काळजी घ्या. क्ष अगदी लहान असताना फ मधली दोन पदे एकमेकांना जवळजवळ पूर्ण खोडतात आणि संगणकाच्या उत्तरात फक्त गोळाबेरजेचा कचरा उरतो. तिथे फ ≈ क्ष²/२ + २क्ष³/३ + ३क्ष⁴/४ ही मालिका वापरा.

पुल-इन म्हणजे काय?

कोन वाढला की पिळाचा विरोध सरळ रेषेत वाढतो. विद्युत टॉर्क मात्र त्याहून झपाट्याने वाढतो, कारण पाटी इलेक्ट्रोडच्या जवळ जात असते. एका टप्प्यानंतर पीळ मागे पडतो, समतोल उरत नाही आणि पाटी खाली आपटते. हार्वे नॅथनसन आणि त्यांच्या वेस्टिंगहाउसमधल्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये ट्रान्झिस्टरवर डुलणाऱ्या धातूच्या दांडीत हा परिणाम दाखवला. समांतर सरकणाऱ्या पाटीत तो मूळ अंतराच्या एक तृतीयांशावर येतो.

पीळ-आरशात हा टप्पा वेगळा आहे. पीळ आणि टॉर्क समान ठेवले की व्होल्टेजचा वर्ग क्ष³/फ च्या प्रमाणात येतो. हे गुणोत्तर क्ष = ०.४४०४ ला सर्वांत मोठे होते आणि मग उतरते. म्हणून

पुल-इन व्होल्टेज² = ०.८२७ × ताठपणा × अंतर³ ÷ (ε × रुंदी × इलेक्ट्रोडची लांबी³)

नमुन्यासाठी ३४.६ व्होल्ट, कोन १.५१ अंश. तिथवरचा प्रवास पाहण्यासारखा आहे: १० व्होल्टला ०.०६ अंश, २० ला ०.२६, ३० ला ०.७३, ३४ ला १.२१, आणि शेवटच्या अर्ध्या-पाऊण व्होल्टमध्ये उरलेले ०.३ अंश. उपयोगी पल्ल्याचा पाचवा भाग त्या एवढ्याशा व्होल्टेजमध्ये दडलेला आहे. पुल-इनच्या अगदी जवळ आरसा स्थिर धरायला किती स्वच्छ व्होल्टेज लागेल, याचा अंदाज यावरून येतो.

माझा प्रोग्रॅम ३४ व्होल्टच्या पुढे उत्तरच देत नाही. काय बिघडले?

बहुधा काहीच नाही. तुम्ही व्होल्टेज देऊन कोन मागता आहात. पुल-इनपाशी कोन-व्होल्टेजचा आलेख उभा होतो, एका व्होल्टेजला दोन कोन असतात आणि शिखराच्या पुढच्या व्होल्टेजला समतोल कोनच नसतो. न्यूटनची पद्धत तिथे भरकटणारच.

प्रश्न उलटा विचारा. कोन निवडा आणि तो धरून ठेवायला किती व्होल्टेज लागेल ते काढा. त्याला नेहमी एकच उत्तर असते. क्ष शून्यापासून एकपर्यंत नेत जा, व्होल्टेजचा आलेख काढा. शिखर म्हणजे पुल-इन, शिखराच्या डावीकडचा भाग स्थिर, उजवीकडचा अस्थिर. फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरमध्येही (जे वस्तूचे बारीक तुकडे पाडून समीकरणे सोडवते) हेच करता येते: कोन लादायचा आणि व्होल्टेज हे अज्ञात धरायचे. या विषयात नवख्यांचे सर्वांत जास्त दिवस ज्या गोष्टीत जातात ती हीच, आणि उपाय एवढाच आहे.

इलेक्ट्रोड छोटा केला तर पुल-इन टाळता येते म्हणतात. खरे आहे का?

फक्त पीळ धरणाऱ्या मॉडेलमध्ये खरे आहे. पुल-इन क्ष = ०.४४०४ ला येते, आणि क्ष इलेक्ट्रोडच्या लांबीवर मोजलेला आहे. इलेक्ट्रोड पाटीच्या अर्ध्या लांबीच्या ४४ टक्क्यांहून आखूड असेल, तर तो टप्पा येण्याआधीच पाटीची कड तळाला टेकते. म्हणजे पूर्ण ३.४४ अंश स्थिर.

किंमत व्होल्टेजमध्ये मोजावी लागते, कारण पुल-इन व्होल्टेज इलेक्ट्रोडच्या लांबीच्या दीड घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. नमुन्यात २२ मायक्रॉनच्या इलेक्ट्रोडला ३४.६ च्या जागी ११९ व्होल्ट लागतील. आणि ही किंमत मोजूनही पूर्ण पल्ला मिळत नाही. का, ते पुढच्या उत्तरात.

मॉडेलने सांगितले त्याच्या आधीच आरसा आपटतो. कारण काय असावे?

सर्वांत आधी हे पाहा: तुमचा आरसा फक्त कलतो आहे, की खालीही बसतो आहे?

इलेक्ट्रोड पाटीला वळवतो तसा सगळीच्या सगळी खालीही ओढतो. बिजागऱ्या पिळतात तशा वाकतातही. अंतर कमी झाले की बल वाढते, बल वाढले की बिजागऱ्या आणखी वाकतात. माझ्या मते संपूर्ण स्थितिक मॉडेलमधली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि बहुतेक प्रोजेक्ट अहवालांत नेमकी तीच गाळलेली असते.

वाकण्याचा ताठपणा दोन बिजागऱ्यांसाठी २४ × यंग गुणांक × छेदाचा जडत्व-आघूर्ण ÷ लांबी³. नमुन्यात तो ४१ न्यूटन प्रति मीटर. पाटीवरचे खाली ओढणारे बल = ε × रुंदी × व्होल्टेज² × इलेक्ट्रोडची लांबी ÷ [२ × अंतर² × (१ − क्ष)]. पुल-इनपाशी ते सुमारे ५ मायक्रोन्यूटन होते.

आता दोन्ही समीकरणे एकत्र सोडवायची. एक सोपी युक्ती आहे. अंतराच्या जागी उरलेले अंतर, म्हणजे मूळ अंतर वजा बसणे, वापरा आणि क्ष ची व्याख्याही त्याच उरलेल्या अंतरावर करा. मग क्ष निवडला की बसणे थेट मिळते:

बसणे ÷ उरलेले अंतर = स × क्ष³ ÷ [फ × (१ − क्ष)]

स = पिळाचा ताठपणा ÷ (वाकण्याचा ताठपणा × इलेक्ट्रोडची लांबी²)

बसणे कळले की उरलेले अंतर कळते आणि जुन्याच सूत्राने व्होल्टेज. पुनरावृत्तीची गरजच पडत नाही. दहा ओळींच्या प्रोग्रॅममध्ये सगळा आलेख तयार.

नमुन्यात स = ०.०५८. शिखर आता ३२.६ व्होल्टवर येते, कोन १.३७ अंश, आणि आरसा ०.१२ मायक्रॉन खाली बसलेला असतो. व्होल्टेजमध्ये सहा टक्क्यांचा फरक. चालून जाईल असे वाटेल. पण व्होल्टेज कमी करण्यासाठी कुणी बिजागरी ५० ऐवजी १५० मायक्रॉनची केली, तर पिळाचा ताठपणा तीन पटींनी घटतो आणि वाकण्याचा सत्तावीस पटींनी. स नऊ पट, ०.५२ होतो. फक्त पिळाचे मॉडेल सांगते: २० व्होल्ट, १.५१ अंश. खरा हिशेब सांगतो: १३.२ व्होल्ट, ०.७३ अंश, आणि आरसा ०.६ मायक्रॉन बसलेला. पल्ला निम्म्याहून कमी! अशी चिप बनून आल्यावर दोष निर्मितीला दिला जातो, पण ती आराखड्याप्रमाणेच वागत असते.

छोट्या इलेक्ट्रोडचेही हेच होते. दार बिजागरीजवळ ढकलले तर जोर जास्त लागतो आणि तो जोर बिजागरीवरच येतो. २२ मायक्रॉनच्या इलेक्ट्रोडला स = ०.३० येतो. पूर्ण पल्ला तर सोडाच, ९०.५ व्होल्टला २.१७ अंशांवर पुल-इन होते. १.३७ च्या तुलनेत फायदा आहेच, पण जवळजवळ तिप्पट व्होल्टेज देऊन मिळालेला.

आराखडा करताना सर्वांत आधी स काढा. तो ०.०१ च्या खाली असेल तर बसणे विसरा. व्होल्टेजमध्ये एक टक्क्याचा फरक पडेल. ०.१ च्या वर असेल तर फक्त पिळाच्या मॉडेलवर एकही निर्णय घेऊ नका. स कमी करायचा तर बिजागरी आखूड करा आणि छेद रुंदीला कमी, जाडीला जास्त ठेवा, म्हणजे ती सहज पिळते पण खाली वाकत नाही.

एकदा आपटलेला आरसा व्होल्टेज थोडे कमी केल्यावर का सुटत नाही?

टेकलेल्या अवस्थेत अंतर फारच कमी असते, म्हणून थोडे व्होल्टेजही त्याला धरून ठेवते. समजा पाटीला तळाच्या आधी अडवणारे थांबे अशा उंचीचे आहेत की आरसा क्ष = ०.९ वर थांबतो. फक्त पिळाच्या हिशेबाने तो १७.८ व्होल्टच्या खाली गेल्यावरच सुटतो. ३४.६ ला पकडला, १७.८ ला सुटला. मधल्या पट्ट्यात तो वरही राहू शकतो आणि खालीही. कुठे आहे ते त्याच्या आधीच्या इतिहासावर ठरते. हीच हिस्टेरेसिस. डीएमडीसारख्या दोनच अवस्था हव्या असलेल्या उपकरणात ती उपयोगाची ठरते.

पृष्ठभाग एकमेकांना चिकटण्याचे बल यात धरलेले नाही. ओलावा असेल तर ते इतके मोठे होते की व्होल्टेज शून्य केले तरी आरसा सुटत नाही. म्हणून टेकण्याची जागा बारीक टोकांची ठेवतात, आणि थांबे पाटीच्याच व्होल्टेजला जोडतात, म्हणजे शॉर्टही होत नाही.

व्होल्टेज झटक्यात दिले तर पुल-इन तेवढ्यालाच होते का?

नाही, कमी व्होल्टेजला होते. झटक्याने दिलेल्या व्होल्टेजमुळे आरसा समतोलाच्या पुढे जातो. अवमंदन, म्हणजे हालचाल शमवणारा विरोध, अजिबात नाही असे धरून ऊर्जेचा हिशेब केला तर पीळ-आरशाचे पुल-इन स्थितिक व्होल्टेजच्या ९१ टक्क्यांवर येते: नमुन्यात ३४.६ च्या जागी ३१.५ व्होल्ट. हवेत अवमंदन असल्याने खरा आकडा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. मोजमाप करताना व्होल्टेज हळू वाढवा.

माझी मोजमापे मॉडेलपेक्षा दहा टक्क्यांनी वेगळी आहेत. मॉडेल चूक का?

आधी बिजागरीचे खरे माप घ्या. कोरताना दोन्ही बाजूंनी ०.१ मायक्रॉन जास्त खाल्ले गेले, तर २ मायक्रॉनची रुंदी १.८ होते, पीळ-स्थिरांक २० टक्क्यांनी घटतो आणि पुल-इन ३४.६ वरून ३१ व्होल्टवर येते. एवढ्या सूक्ष्म फरकाने! अंतराची चूकही तशीच महाग, कारण व्होल्टेज अंतराच्या दीड घाताने बदलते. सूत्रांमध्ये चौथा दशांश शोधण्याआधी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली छेद पाहून घ्या.

त्यानंतर कडांवरून बाहेर फुगणारे क्षेत्र. नमुन्यात पाटी अंतराच्या तेहतीस पट रुंद आहे, म्हणून ही दुरुस्ती काही टक्क्यांची. अंतर आणि रुंदी एकाच मापाच्या जवळ आली की पट्ट्यांचे मॉडेल सोडून संगणकावर क्षेत्र सोडवावे लागते.

एकस्फटिकी सिलिकॉन असेल तर कर्तन गुणांक दिशेनुसार सुमारे ५१ ते ८० गिगापास्कल बदलतो. बिजागरी वेफरवर कोणत्या दिशेला आखली आहे ते न विचारता पुस्तकातला एखादा आकडा टाकू नका.

गुरुत्वाकर्षण धरायचे का?

नाही. नमुन्याच्या पाटीचे वजन ०.५ नॅनोन्यूटनहून कमी; विद्युत बल त्याच्या दहा हजार पट. वजनाने आरसा नॅनोमीटरच्या शंभराव्या भागाएवढा बसतो. मिलिमीटरच्या मापाचे जाड आरसे लांब बिजागऱ्यांवर टांगले असतील तेव्हाच हा हिशेब करा. कॅसिमिर बल, म्हणजे अगदी जवळच्या दोन पृष्ठभागांमधले क्वांटम आकर्षण, अंतर शंभर नॅनोमीटरच्या आसपास आल्यावर जाणवते. बेल लॅब्जमध्ये २००१ मध्ये ते मोजायला पिळावर टांगलेली सिलिकॉनची पाटीच वापरली होती, ही आपल्या विषयाची एक सुंदर शाखा.

आरसा दोन्ही बाजूंना, सरळ प्रमाणात फिरवायचा आहे. काय करावे?

दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड ठेवा, दोघांनाही एक समान पाया-व्होल्टेज द्या, आणि एका बाजूला थोडे वाढवून दुसरीकडे तेवढेच घटवा. वर्गांच्या फरकातून वर्गाची पदे निघून जातात आणि लहान कोनांसाठी कोन त्या वाढ-घटीच्या प्रमाणात येतो. नमुन्यात २० व्होल्टच्या पायावर प्रत्येक व्होल्टला सुमारे ०.०५८ अंश.

पाया-व्होल्टेज फुकट मिळत नाही. ते पिळाचा ताठपणा घटवते: २० व्होल्टला १८ टक्के. ४६.६ व्होल्टला ताठपणा शून्य होतो आणि आरसा आपणहून कुठल्यातरी एका बाजूला पडतो. बसणेही दुप्पट होते, कारण दोन्ही इलेक्ट्रोड खालीच ओढतात. बसण्याचा हिशेब इथे जास्त काळजीने करा.

बिजागरी तुटेल का?

नमुन्यात पूर्ण ३.४४ अंशांना कर्तन ताण सुमारे १०७ मेगापास्कल येतो. पॉलिसिलिकॉनची ताकद गिगापास्कलच्या घरात आहे. तुटण्याची भीती नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या बिजागरीचे दुखणे वेगळे: दीर्घकाळ एकाच बाजूला कलून राहिली तर धातू हळूहळू सरकतो आणि आरसा आडवा परत येत नाही. सिलिकॉनमध्ये खोलीच्या तापमानाला हे होत नाही.

थरांतल्या अंगभूत ताणाचे काय?

बिजागरीत ओढीचा ताण असेल तर वाकण्याचा ताठपणा बराच वाढतो, पिळाचा थोडासाच. म्हणजे स कमी होतो, जे आपल्याला हवेच आहे. दाबाचा ताण असेल तर बिजागरी धनुष्यासारखी वाकू शकते, आणि मग सुरुवातीचे अंतर ३ मायक्रॉन राहिलेच नाही. आरशावर चढवलेले सोने पाटीला वाटीसारखी वळवते, म्हणून मॉडेल सुरू करण्याआधी व्होल्टेज नसतानाचा आकार मोजून घ्यावा. पुल-इन व्होल्टेज दिवसागणिक सरकत असेल, तर इलेक्ट्रोडवरच्या विद्युतरोधक थरात प्रभार अडकतो आहे असे समजा. व्होल्टेजची दिशा उलटून पुन्हा मोजले की लगेच कळते: दोन्ही दिशांचे आकडे वेगळे आले तर प्रभार आहे.

फायनाइट एलिमेंट केव्हा लागते?

पाटी पातळ असून स्वतः वाकते, बिजागरी नागमोडी आहे, पाटीला भोके आहेत, किंवा कडांचे क्षेत्र मोठे आहे, तेव्हा. पण आधी वरची दोन समीकरणे सोडवून आलेख काढा. कॉमसोल किंवा अ‍ॅन्सिसचे उत्तर त्या आलेखाच्या आसपासही नसेल, तर बहुधा सीमा-अटी किंवा एककांमध्ये चूक असते. मायक्रॉनचे मीटर करताना शून्ये सुटतात.

कंगव्यासारखे इलेक्ट्रोड वापरले तर?

एकमेकांत शिरणाऱ्या, वरखाली ठेवलेल्या दातांमध्ये कलण्याच्या दिशेने अंतर मिटत नाही, फक्त समोरासमोर येणारे क्षेत्रफळ वाढते. त्यामुळे त्या दिशेला पुल-इन नसते आणि कोन मोठा मिळतो. टॉर्क = व्होल्टेज²/२ × कपॅसिटन्सचा कोनानुसार बदलण्याचा दर; हा दर बहुतेक वेळा संगणकावर काढावा लागतो. धोका आडव्या दिशेला सरकतो: दात एका बाजूला किंचित झुकले की बाजूचे पुल-इन होते. म्हणून आडव्या दिशेचा ताठपणा तपासणे इथे सक्तीचे.

भारतात असा आरसा बनवून घेता येतो का? आणि कोन मोजायचा कसा?

आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये नॅनो-निर्मितीच्या प्रयोगशाळा आहेत, आणि बाहेरच्या महाविद्यालयांतल्या संशोधकांना त्या वापरता याव्यात म्हणून केंद्र सरकारने आयएनयूपी हा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने पवईची चौकशी आधी करावी. अर्जासोबत मॉडेलचा आलेख, स चा आकडा आणि बिजागरीच्या रुंदीत ०.१ मायक्रॉनची चूक झाली तर काय होईल याचा हिशेब जोडा.

कोन मोजायला लेझरचा बारीक झोत आरशावर टाका आणि परावर्तित ठिपका पडद्यावर पाहा. परावर्तित किरण आरशाच्या दुप्पट कोनात वळतो, तेव्हा आरशाचा एक अंश म्हणजे एक मीटरवरच्या पडद्यावर सुमारे साडेतीन सेंटीमीटर. व्होल्टेज वाढवताना आणि उतरवताना अशी दोन्ही वेळची मोजमापे घ्या. ठिपक्यावरून बसणे मात्र कळत नाही. त्यासाठी श्वेतप्रकाश इंटरफेरोमीटर लागतो, आणि तो मिळत असेल तर व्होल्टेजच्या प्रत्येक पायरीला अक्षावरची उंचीही नोंदवून ठेवा.